पेनकिलरने दुखणं जात नाही, वर हात थरथरतात: चूक कुठल्या गोळीची?

पत्र:

"डॉक्टर मॅडम, मी भांडुपला राहते, वय ४४, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. जूनपासून कंबर आणि डावा पाय धरलाय, एमआरआयमध्ये खालची गादी सरकलीये म्हणाले, एल-फाइव्ह एस-वन. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिवसातून तीनदा दिलीये, तीन महिने झाले, फरक शून्य. उलट गोळी घेतली की तास-दोन तासांत घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात पाळी जायचं वय आहे. जाऊबाईंनी दाढ काढल्यावर माझ्याच स्ट्रिपमधली एक घेतली तर त्यांचं दुखणं गेलं आणि दुपारभर झोपल्या. मला दोन वर्षांपासून पॅनिकसाठी पॅरोक्सेटीन चालू आहे, ते हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं नाही कारण सासूबाई सोबत होत्या. गणपतीत चिपळूणला गेलो तेव्हा गोळ्यांचा पाऊच घरीच राहिला, दुसऱ्या दिवसापासून डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चक्कर, रडू, रात्रभर पाय स्वस्थ नाहीत. परत येऊन दोन्ही सुरू केल्या. केमिस्ट दर वेळी नवीन चिठ्ठी मागतो आणि वहीत माझं नाव लिहितो, मी काय गर्दुल्ली आहे का? गोळी नकली आहे का? एकाऐवजी दोन घेऊ का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, हे नाही. दोन गोळ्या घेऊ नका. आणि माझं हे वाचून घाबरून एकही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ना कंबरेची ना पॅनिकची, दोन्हींचा वेगवेगळा त्रास होतो, तो कसा ते खाली सांगते. दोन्ही डॉक्टरांपैकी जे फोनवर मिळतील त्यांना आजच फोन करा, दोन्ही गोळ्यांची नावं आणि होणारा त्रास सांगा आणि पुढचा डोस घ्यायचा की नाही हेही त्यांनाच विचारा. फोनवर कोणी नाहीच मिळालं तर उद्या ज्यांची ओपीडी आधी असेल त्यांच्याकडे जा.

आणि घाम-थरथर यांच्या जोडीला ताप आला, पाय आपोआप झटके देऊ लागले किंवा ताठ झाले, जुलाब लागले, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, फिट आली, किंवा उलट इतकी गुंगी आली की हलवूनही जाग येत नाही आणि श्वास एकदम संथ झालाय, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, १०८ ला फोन किंवा रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची आणि स्ट्रिपा सोबत न्यायच्या. हे निदान मिस्टरांना तरी वाचून दाखवा, कारण ती वेळ आली तर तुम्ही स्वतः काही सांगायच्या अवस्थेत नसाल.

आता मूळ गोष्ट. तुम्ही मला डॉक्टर म्हणता पण मी पेशंट तपासत नाही, फार्मकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र शिकवणारी बाई आहे, आमच्या लोकांना माणूस कमी आणि गोळ्या जास्त दिसतात. तर मला तुमच्या पत्रात जे दिसतंय ते असं, की गोळी बहुतेक नकली नाही, दुखणं तुमच्या मनाचं तर अजिबात नाही, आणि पाळीवर सगळं ढकलून मोकळं होण्यात अर्थ नाही. तुमच्या पॅनिकच्या गोळीने कंबरेच्या गोळीचा एक भाग बंद पाडलाय आणि दुसरा भाग नको तितका चालू ठेवलाय. पत्रावरून बांधलेला अंदाज आहे, तपासून खात्री तुमचे डॉक्टर करतील, पण सगळी लक्षणं त्याच दिशेला बोट दाखवतायत.

ट्रॅमाडॉल हे औषध जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीत १९६२ साली तयार झालं आणि १९७७ पासून तिकडे विकायला लागले (थॅलिडोमाइड, म्हणजे ज्या गोळीने पोटातल्या बाळांना व्यंग आलं, ती काढणारी तीच कंपनी, पण तो विषय काढला तर आजचं सदर त्यातच संपेल). अमेरिकेत यायला १९९५ उजाडलं. पॅरासिटामॉलने भागत नाही आणि मॉर्फिनपर्यंत जायचं नाही अशा मधल्या दुखण्यांसाठी डॉक्टरांना काहीतरी हवंच असतं, त्या जागी हे बसलं, आणि कितीतरी वर्षं 'सौम्य आहे, काही होत नाही' असा त्याचा बोलबाला राहिला. सौम्य आहे हे काही जणांच्या बाबतीत खरंही आहे. कोणाच्या बाबतीत ते नाही, हे गोळीच्या पाकिटावरून कळत नाही, ते लिव्हरवर अवलंबून असतं.

कारण ट्रॅमाडॉल एका वेळी दोन वेगळ्या रस्त्यांनी काम करतं. पहिला रस्ता असा की मेंदूच्या तळापासून मणक्याच्या दोरीत खाली उतरणाऱ्या काही नसा असतात, त्यांचं कामच मुळी वरून खाली निरोप पाठवून दुखण्याची वर्दी दाबणं हे आहे. धावत लोकल पकडताना गुडघा फुटतो आणि ते घाटकोपरला बसायला जागा मिळाल्यावर कळतं, त्यात या यंत्रणेचा मोठा हात असतो. या नसा निरोप देण्यासाठी सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही दोन रसायनं वापरतात, आणि वापरून झाली की परत आत ओढून घेतात. ट्रॅमाडॉल ते परत ओढणं अडवतं म्हणून ती रसायनं जास्त वेळ बाहेर राहतात. आता तुमच्या लक्षात आलं असेल की डिप्रेशन-पॅनिकच्या गोळ्याही साधारण हेच करतात. पॅरोक्सेटीन तर सेरोटोनिन अडवण्यात फारच तरबेज आहे. म्हणजे एकाच कामावर तुमच्याकडे दोघं लागलेत आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही.

दुसरा रस्ता अफूवाला. मॉर्फिन नसेवरच्या ज्या म्यू नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे औषध बसायच्या खाचेला, जाऊन चिकटतं आणि नसेला गप्प करतं, तिथेच ट्रॅमाडॉलही चिकटतं, पण मूळ ट्रॅमाडॉल तिथे जेमतेमच धरून राहतं. खरं काम करतो तो त्याचा लिव्हरमध्ये तयार झालेला अवतार, त्याला एम-वन म्हणतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा एम-वन मूळ औषधापेक्षा त्या रिसेप्टरला दोनशे पट घट्ट चिकटतो आणि दुखणं शमवण्यात सहा पटींपर्यंत भारी पडतो असं दिसलेलं आहे. थोडक्यात तुम्ही जी गोळी गिळता तिच्यातली अफूसारखी ताकद ही गोळीत तयार नसतेच, ती तुमच्या लिव्हरने बनवायची असते, आणि ते बनवणारं एन्झाइम एकच, त्याचं नाव सीवायपी-टू-डी-सिक्स. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, आमच्या मुलांच्याही परीक्षेपर्यंतच राहतं.

हे एन्झाइम म्हणजे स्टेशनवरची एकच चालू असलेली तिकीट खिडकी समजा. ट्रॅमाडॉलला तिथूनच जाऊन एम-वन व्हायचंय. पॅरोक्सेटीनलाही तीच खिडकी लागते, पण तो आपलं काम करून पुढे सरकणारा गडी नाही, तो खिडकी बिघडवूनच ठेवतो, म्हणजे जे एन्झाइम त्याच्या हाती लागलं ते कायमचं निकामी, लिव्हरने नवीन बनवेपर्यंत वाट बघायची, आणि पॅरोक्सेटीन तर तुम्ही रोज घेताय म्हणजे नवीन बनलेलंही रोज निकामी होतंय. निरोगी माणसांना आधी पॅरोक्सेटीन आणि मग ट्रॅमाडॉल देऊन बघितलेलं आहे, त्यांच्या रक्तात एम-वन कमी झालं आणि दुखणं शमवण्याचा परिणामही घटला. तुमचं 'फरक शून्य' हे बहुधा तिथून येतंय.

बरं, एम-वन झालं नाही म्हणून ट्रॅमाडॉल कुठे जात नाही, ते तसंच्या तसं रक्तात जास्त साचून राहतं. आणि मूळ ट्रॅमाडॉलचं मुख्य काम कुठलं, तर सेरोटोनिन अडवणं, जे पॅरोक्सेटीन आधीपासून करतंच आहे. म्हणून घाम, म्हणून थरथर, म्हणून धडधड. सेरोटोनिन फार झाल्याची ही सुरुवातीची लक्षणं असू शकतात, आणि हे फक्त अति डोस घेतल्यावरच होतं असं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नेहमीच्या डोसातही होतं. म्हणूनच म्हटलं दोन घेऊ नका, दुखणं कमी करणारा भाग त्याने फारसा वाढणार नाही, घाम फोडणारा भाग मात्र दुप्पट होईल, शिवाय ट्रॅमाडॉलमुळे फिट येण्याचा धोका असतो आणि सोबत अशी डिप्रेशनची गोळी असेल तर तो आणखी वाढतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक बघायला सांगा, रक्तातली साखर आणि सोडियम. ट्रॅमाडॉलने कधीकधी साखर उतरते आणि तेव्हाही असाच घाम आणि थरथर होते, आणि सोडियम तर या दोन्ही गोळ्यांनी उतरू शकतं. साधी टेस्ट आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते.

जाऊबाईंचं काय? त्यांची खिडकी चालू आहे, एवढंच. त्यांना दाढेला एका गोळीत आराम पडला यात नवल नाही. पण दुपारभर झोपल्या हे वाचून मला जरा चुकचुकलं. या एन्झाइमचा जीन २२ व्या क्रोमोसोमवर असतो आणि तो सगळ्यांचा सारखा नसतो, काहींचा जन्मतःच बंद असतो, काहींच्यात त्याच्या जास्तीच्या प्रती असतात, मग एम-वन भसाभस तयार होतं आणि साध्या डोसातही गुंगी येते, क्वचित श्वासही मंदावतो. त्या तशाच आहेत असं मी म्हणत नाही, पहिल्यांदा घेणाऱ्याला गुंगी येतेच. पण आपल्याकडे स्ट्रिप म्हणजे घरातलं लोणचं असल्यासारखी सगळ्यांना वाटायची पद्धत आहे ना, ती या गोळीला लावू नका. बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमाडॉल देऊच नये असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २०१७ साली सांगितलं ते याच कारणाने, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये हेही त्याच वेळी. घरात लहान मुलं असतील तर स्ट्रिप फ्रिजच्या वर किंवा देवघराच्या खणात नको, कुलपात.

आता ज्याची मला जास्त काळजी वाटते ते. तुम्ही हे वाचाल आणि तुम्हाला वाटेल, अच्छा म्हणजे पॅरोक्सेटीनच खोडी करतंय, तेच बंद करते. समजा केलंत. आठवडाभरात लिव्हर नवीन एन्झाइम बनवेल, खिडकी उघडेल, आणि तोपर्यंत तुम्ही कंटाळून ट्रॅमाडॉल दोन-दोन गोळ्यांवर नेलेलं असेल, मग एके दिवशी तीच गोळी जी तीन महिने पाण्यासारखी जात होती ती अचानक अफूसारखी चढेल. हे घाबरवायला लिहीत नाहीये, औषधाच्या माहितीपत्रकातच हा इशारा दिलेला असतो, पण ते पत्रक इतक्या बारीक अक्षरात असतं आणि इतक्या घड्या घालून कोंबलेलं असतं की कोण वाचणार. त्यात पॅनिक परत उसळेल ते वेगळंच.

पॅरोक्सेटीन एकटंच असं करतं असंही नाही. फ्लुओक्सेटीन करतं, सिगरेट सोडायला आणि डिप्रेशनला देतात ते ब्युप्रोपियॉन करतं, आणि मुंबईकरांनी खास लक्षात ठेवावं असं एक म्हणजे टर्बिनाफीन. पावसाळ्यात ओले कपडे घालून दिवस काढायचे, जांघेत गजकर्ण, मग स्किनच्या डॉक्टरांकडून किंवा सरळ केमिस्टकडूनच टर्बिनाफीनच्या गोळ्या. त्यांनी ही खिडकी बंद होते आणि गोळ्या संपल्यावरही कित्येक आठवडे नीट उघडत नाही. गजकर्णाच्या गोळीचा कंबरेच्या गोळीशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात तरी येईल का?

सेरोटोनिनच्या बाजूनेही भर घालणारी मंडळी आहेत. खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते सेरोटोनिन वाढवतं आणि वर त्याच एन्झाइमने मोडतं, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्हीकडून गोत्यात. बाटलीवर नाव बघून घ्या. मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या. आणि लिनेझोलिड, जे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी आजकाल देतात, आपल्या शहरात तसे पेशंट काही कमी नाहीत, घरात कोणाला चालू असेल तर त्यांना ट्रॅमाडॉल देण्याआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. मळमळतं म्हणून केमिस्ट ऑनडॅनसेट्रॉन देतो, ते धोक्याचं म्हणून नाही तर ट्रॅमाडॉलचा दुखणं थांबवणारा परिणाम थोडा कमी करतं म्हणून सांगते.

चिपळूणचे करंट. तुम्ही पत्रात हे अगदी शेवटाकडे, लाज वाटल्यासारखं लिहिलंय, आणि त्यालाच जोडून गर्दुल्लीचा प्रश्न आलाय. पाऊच राहिला म्हणजे दोन्ही गोळ्या एकदम बंद झाल्या. डोक्यात करंट, चक्कर, रडू येणं हे पॅरोक्सेटीन अचानक सुटल्याचं अगदी ठरलेलं चित्र आहे, या जातीच्या गोळ्यांत ती अंगातून भराभर निघून जाते म्हणून तिचा हिसका जास्त बसतो. त्यात ट्रॅमाडॉलही सुटलं. ट्रॅमाडॉल सुटल्यावर अफूसारखा त्रास होतो, नाक गळणं, घाम, जुलाब, पाय स्वस्थ न राहणं, आणि काहींना त्याच्या सेरोटोनिनवाल्या भागामुळे पुन्हा तेच झटके आणि घबराट. दोन्ही एकत्र म्हणजे गौरीच्या जेवणाला बसताना तुमची काय हालत झाली असेल याची कल्पना करवत नाही. पण याला व्यसन म्हणत नाहीत. रोज मिळणाऱ्या औषधाशी शरीराने जुळवून घेतलं आणि ते एकदम काढलं तर शरीर बोंब मारणारच, बीपीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तरी मारतं. व्यसन तेव्हा म्हणतात जेव्हा माणूस दुखणं नसतानाही गोळीमागे लागतो, दोन-तीन डॉक्टरांकडून लपवून चिठ्ठ्या घेतो, डोस स्वतःच चढवत जातो, घर-नोकरी मागे पडली तरी थांबत नाही. तुमच्यात यातलं काही दिसत नाही. ट्रॅमाडॉलचं व्यसन लागतच नाही असं मात्र समजू नका, लागतं, आणि आपल्या देशात लागलेले भरपूर आहेत.

त्यासाठीच तर केमिस्टची वही. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-वन नावाच्या सरकारी यादीत आहे, त्यातल्या औषधांसाठी केमिस्टने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपून ठेवायचं असतं, आणि एप्रिल २०१८ पासून ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय, स्ट्रिपवर लाल रंगात NRx अशी अक्षरं छापलेली दिसतील. म्हणजे तो तुमच्यावर संशय घेत नाहीये, तो स्वतःचं लायसन्स वाचवतोय. खरं सांगू का, तुमच्या पत्रात सगळ्यात नियमाने वागलेला माणूस तोच आहे, चिठ्ठीशिवाय हातात देणारा केमिस्ट सापडला तर त्याच्याकडे परत जाऊ नका. फक्त एक करा, पॅरोक्सेटीनही त्याच्याचकडून घ्या. दोन्ही एकाच दुकानातून गेल्या असत्या तर कदाचित त्यानेच पहिल्या महिन्यात हटकलं असतं.

जाता जाता एक किस्सा, कारण तुम्हाला ऑफिसात कोणीतरी नक्की सांगणार की हे केमिकल सोड, नैसर्गिक काहीतरी घे. २०१३ साली आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये एका औषधी झाडाच्या मुळात चक्क ट्रॅमाडॉल सापडलं म्हणून मोठी बातमी झाली, माणसाने बनवलेलं औषध निसर्गात आधीपासून होतंच म्हणे. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी जाऊन बघितलं तर तिथले शेतकरी स्वतः ट्रॅमाडॉल खातात आणि बैलांनाही चारतात, उन्हात जास्त राबवता यावं म्हणून, आणि ते शेणामुतातून जमिनीत, पाण्यात आणि मुळात उतरलेलं असावं असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिल्या गटाला काही हे पटलं नाही, वाद चालला. मला त्या बैलांचं वाईट वाटतं.

पुढे काय होईल? दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले तर साधारण दोन वाटा असतात. एक, कंबरेचं औषध बदलायचं आणि पॅनिकची गोळी आहे तशी ठेवायची, मला विचाराल तर हीच वाट सरळ वाटते, कारण पॅनिक दोन वर्षं आटोक्यात आहे आणि ट्रॅमाडॉलने तसंही काही दिलेलं नाही. ते हळूहळू कमी करत बंद करतील, किती दिवसांत ते त्यांना ठरवू दे. त्याजागी तुमचं बीपी, किडनी, ॲसिडिटी बघून काही दिवस सुजेवरची गोळी, पाय जास्त दुखत असेल तर नसांच्या दुखण्याची गोळी, असं काहीतरी येईल. पण सुजेवरची गोळी आणि पॅरोक्सेटीन सोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरातलं आहे म्हणून स्वतःच सुरू करू नका. दुसरी वाट म्हणजे सायकिअॅट्रिस्ट पॅरोक्सेटीनच्या जागी या एन्झाइमला कमी त्रास देणारी दुसरी गोळी आणतील, पण तीही बहुतेक सेरोटोनिनवालीच असणार, म्हणजे एम-वनचा प्रश्न सुटला तरी घामाचा उरतोच. डिप्रेशन आणि नसांचं दुखणं दोन्हींना देतात त्या ड्युलोक्सेटीनचं नाव कोणी काढलं तर ते पॅरोक्सेटीनसोबत नाही, त्याच्याऐवजी, एवढं विचारून घ्या.

आणि एक गोष्ट, जी ऐकायला बरी वाटत नाही. कंबरेच्या दुखण्यात अफूच्या जातीची औषधं आपण समजतो तितकी उपयोगाची नाहीतच. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक मोठा प्रयोग लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात नव्याने सुरू झालेल्या कंबर-मानेच्या दुखण्याला ऑक्सिकोडोन म्हणजे ट्रॅमाडॉलपेक्षा कितीतरी तगडं औषध देऊन बघितलं आणि सहा आठवड्यांनंतर ते औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तुमच्या गादी सरकण्याचं गणित थोडं वेगळं आहे हे कबूल, पण त्यातही बहुतेकांचा पाय आठवड्या-महिन्यांत आपणहून निवत जातो आणि त्या काळात फिजिओ आणि चालणं गोळीइतकंच कामाचं असतं. भांडुप ते सीएसएमटी उभ्याने जाताय का? स्लोने जा, उशीर होऊ दे, पण बसून जा आणि मधेच उठून दोन मिनिटं उभ्या राहा. पाय लुळा पडायला लागला, लघवीला होईना किंवा कळेनाशी झाली, किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं तर मात्र ते ऑपरेशनवाल्यांचं काम, त्याच दिवशी जायचं.

किरकोळ दोन. तुमच्या प्रत्येक गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच आहे, त्यावर ताप किंवा डोकेदुखीसाठी ६५० ची गोळी घेतली तर बेरीज करा, दिवसाचे चार ग्रॅम ही कमाल, आणि बरेच डॉक्टर तीनवरच थांबा म्हणतात. आणि पोट साफ होत नसेल, लिहिलं नाहीत पण होत नसणार, तर नुसत्या इसबगोलने भागत नाही, या औषधाने आतड्याची हालचालच मंद होते, मग पाणी कमी पडलं की इसबगोल आतच बसून राहतं, डॉक्टरांना वेगळं जुलाबाचं औषध विचारा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांना बाहेर बसा म्हणणं तुम्हाला जमणार नाही हे पत्रातच दिसतंय, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, आपल्याकडे तपासणीच्या खोलीत आख्खं घर शिरतं आणि डॉक्टरही काही बोलत नाहीत. मग एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: "मी दोन वर्षं पॅरोक्सेटीन अमुक मिलिग्रॅम घेते, सासूबाईंना माहीत नाही, कृपया मोठ्याने वाचू नका. ट्रॅमाडॉलने आराम नाही, घाम आणि थरथर आहे. दोन्ही एकत्र चालतात का?" खाली सायकिअॅट्रिस्टचं नाव आणि फोन नंबर. एमआरआयच्या पाकिटात सगळ्यात वर ठेवा आणि पाकीट स्वतःच्या हाताने डॉक्टरांच्या हातात द्या, सासूबाईंच्या नको. रिसेप्शनच्या मुलीकडेही नको.